दिवेलागणीला पळणारा कुत्रा

माझ्यावर सगळ्यांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागत नाही. देवळ्याच्या शाळेतल्या माझ्या गुरुजींचे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. वडील कांदा लावत, थोरला भाऊ त्यांच्या मागे वाफे बांधत असे, आणि मीही तिथेच वाकून मोठा झालो असतो. एके दिवशी गुरुजी आमच्या बांधावर येऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "दिवसा तुम्ही घ्या याला. दिवे लागले की मला द्या."

दिवे लागल्यावर गुरुजींच्या घराच्या ओट्यावर शेतात राबणारी आम्ही पोरे जमायचो. मध्ये कंदील, भोवती आम्ही. दिवसभर दमलेली पोरे पाढे म्हणता म्हणता पेंगत. त्यावर गुरुजींनी एक रीत काढली होती. पाढ्याच्या शेवटी 'दाहे' आले की प्रत्येकाने उजव्या हाताचा पंजा ओट्यावर आपटायचा. 'बे दाहे वीस', धप्प! 'तीन दाहे तीस', धप्प! रस्त्याने जाणारे म्हणत, "गुरुजी, शाळा शे का धोबीघाट?" गुरुजी हसत म्हणत, "ठोका ऐकू आला की समजायचं, सगळे जागे आहेत."

ही रीत दुसऱ्या कोणत्याही शाळेत मी पाहिली नाही. पुढे इंग्रजी शाळेत, मग नाशकाला कॉलेजात गेलो, तिथे पाढे म्हणायची वेळ आली नाही. पण मनातल्या मनात गुणाकार करताना माझा हात कितीतरी वर्षे मांडीवर आपटत असे.

बी. ए. झाल्यावर नाशकातल्याच एका हायस्कुलात मला मास्तराची नोकरी लागली. जुन्या गावात, नदीच्या अंगाला एका घराची माडीवरची खोली भाड्याने घेतली. घरची पत्रे येत ती गुरुजींच्या अक्षरात. आई सांगे, भाऊ सांगे आणि गुरुजी लिहीत. शेवटी स्वतःच्या दोन ओळी जोडत. त्या उन्हाळ्यापासून मात्र पत्रे बंद झाली. माझ्या दोन पत्रांना उत्तर नव्हते. कांदा काढायची, विकायची गडबड असेल, मग पेरण्या असतील, असे मी धरून चाललो. शिकवण्यांमुळे कॉलेजात आल्यापासून सुट्टीतही माझे गावी जाणे झाले नव्हते.

त्या पावसाळ्यात नाशकात पिसाळलेल्या कुत्र्याने काही माणसांना चावे घेतले. दवंडी पिटली गेली: ज्या कुत्र्याला मालक नाही ते मारले जाईल. दिवे लागले की दोन माणसे टोपली घेऊन गल्ल्यांतून फिरत आणि कोपऱ्याकोपऱ्यावर विष घातलेल्या कणकेच्या गोळ्या टाकत. मला हे ऐकून ठाऊक होते. ऐकणे आणि पाहणे यांत केवढे अंतर असते ते मला एका सकाळी शाळेत जाताना कळले. वाण्याच्या दुकानापाशी एक पांढरी कुत्री रोज पडलेली असे; मला पाहून ती शेपटी हलवी. त्या सकाळी ती रस्त्यात आडवी होती. चारही पाय लाकडासारखे ताठ, मान मागे वळलेली, दात उघडे. मी जवळ गेलो तेव्हा तिची शेपटी जमिनीवर हलली. एकदाच. मी पुस्तके छातीशी धरून तिथेच उभा राहिलो. वाणी म्हणाला, "मास्तर, बाजूनं जा. शिवू नका." त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर काय लिहिले ते मला आठवत नाही.

रविवारी मी पांजरपोळात गेलो. भाकड गाई, लंगडे बैल यांच्यासाठी व्यापाऱ्यांनी चालवलेली ती जागा. पण विषाची टोपली फिरू लागल्यापासून लोक तिथे कुत्री आणून सोडत होते. मुनीम कपाळाला हात लावून बसले होते.

"गाय बघायला आलात?"

"कुत्रा न्यायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "न्या, खुशाल न्या. दोन न्या. पण मास्तर, नेलेला परत घेणार नाही. इथे पाय ठेवायला जागा राहिली नाही. उद्या नको झाला तर त्याला रस्ता, आणि रस्त्यावर काय आहे ते तुम्ही जाणता."

मागच्या वाड्यात कुत्र्यांचा कल्लोळ चालला होता. एकच गप्प होता. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेला. चांगला मोठा, तांबूस, गावठी, डावा कान फाटलेला; तोंडाभोवतीचे केस पिकायला लागलेले. मी त्याला 'ये, ये इकडे' अशा हाका मारल्या. नाशकात आल्यापासून मी माझी बोली फार कष्टाने धुऊन काढली होती; कॉलेजात एकदा ती ऐकून वर्ग हसला होता. कुत्र्याने मान वळवली नाही. तेवढ्यात माझा पाय शेणात घसरला, मी भिंत धरली आणि तोंडातून आपोआप घरचे शब्द निघाले, "काय शे रे भो?"

कुत्रा उठला. वळून माझ्याकडे पाहत राहिला, मग चालत येऊन माझ्या धोतराचा वास घेऊ लागला. मला वाटले, पडता पडता वाचलेल्या माणसाची त्याला दया आली असावी. मी त्यालाच घेतले.

घरी पोहोचलो तर घरमालकीणबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. "अगं बाई! मास्तर, आम्ही कधीपासून म्हणतोय, घरात कुणी तरी आणा. ते हे आणलंत होय?"

मालक आतून आले, कुत्र्याकडे आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "भुंकणार, घाण करणार, चप्पल चावणार. तुम्ही सज्जन म्हणून सांगतो, दसऱ्यापर्यंत बघू. तोवर माणसात आला तर ठीक. नाही तर तो तरी जाईल, नाही तर तुम्ही दोघं."

मी दोघांच्या पाया पडायचाच बाकी होतो. जिना चढताना मात्र मनात आले: दसऱ्यापर्यंत हा शिकला नाही तर मीच याला विषाच्या तोंडी दिला असे होणार होते.

उतारवयाचा कुत्रा शिकतो का, हेच मला माहीत नव्हते. आमच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर देवळालीच्या छावणीत साहेबांची कुत्री पाहून आले होते. त्यांनी सांगितले, "कुत्र्याला इंग्रजीच समजतं. मराठीत त्याला अपमान वाटतो." मी ते खरे मानले. सकाळी अंगणात उभे राहून मी 'सिट', 'कम', 'स्टे' असे हुकूम देऊ लागलो. कुत्रा माझ्या तोंडाकडे पाही आणि जांभई देई.

समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलेले शेजारी ओरडत, "मास्तर, त्याची मराठी चौथी तरी झालीय का? एकदम इंग्रजीत बसवलंत ते!"

मालकीणबाई म्हणत, "फी माफ आहे का त्याला?"

शेवटी कंटाळून एका सकाळी मी आजूबाजूला कोणी नाही असे पाहिले आणि हळूच आमच्या बोलीत 'इकडे ये' म्हणालो, "आठे ये." तो उठून माझ्या पायाशी आला. मला आनंद होण्याऐवजी धक्का बसला. पण मी विचार पुढे नेला नाही. खानदेशी गाडीवानाचा असेल, म्हटले. तेव्हापासून मी त्याच्याशी माझ्या आईच्या बोलीत बोलू लागलो, आणि तो भराभर शिकला. म्हणजे मला तेव्हा वाटले की तो शिकला. खोलीत घाण करीत नसे, भाकरी समोर ठेवून थांब म्हटले की थांबे, दोराशिवाय माझ्या डाव्या पायाला लागून नदीपर्यंत चाले. पोस्टमनवर भुंकला नाही तेव्हा मालकसुद्धा म्हणाले, "बरा आहे की."

एकच गोष्ट सुटत नव्हती, आणि तीच जीवघेणी होती. दिवेलागण झाली की तो बदलत असे. घरोघरी दिवे दिसू लागले की तो उभा राही, अंगभर थरथरे, दाराला नखे मारी, आणि संधी मिळताच जिना उतरून गल्लीत नाहीसा होई. दार लावले तर दार ओरबाडे. त्या दाराच्या फळ्या मालकांनी मला बोलावून दाखवल्या. दोराने बांधले तर दोर चावून तोडी. थोड्या वेळाने परत येई, पण रिकामा, मान खाली घालून, काही हरवलेले न सापडल्यासारखा. नेमक्या त्याच वेळी टोपलीवाली माणसे फिरत. मी गळ्यात जाड पट्टा घातला होता, पण कणकेची गोळी पट्टा पाहत नाही.

मी त्याला त्या वेळी भाकरी दिली, कुरवाळले, रागावलो, फिरायला नेले. फिरायला नेले की तो मला ओढत गल्लीगल्लीतून नेई आणि प्रत्येक उजेडाच्या दारापाशी थबके. दसरा जवळ येत चालला. मालक भेटले की दाराच्या फळ्यांकडे पाहत.

दसऱ्याला थोडे दिवस राहिले असताना शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसलो आणि मला उशीर झाला. गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. या खेपेला त्यांनी थट्टा केली नाही.

"मास्तर, गेला तो. मी आत्ता तुळशीपुढं दिवा लावला नि वर खाडकन् आवाज झाला. खिडकीच्या कठड्यावरून पत्र्यावर, पत्र्यावरून खाली."

"टोपलीवाले?"

"मघाशीच गेले पुढं."

मी पळत सुटलो. मास्तराने रस्त्याने पळू नये असे तेव्हा मानत. मी टोपी हातात घेऊन पळालो. टांग्यांच्या अड्ड्याजवळ गटाराच्या कडेला एक तांबूस कुत्रा पडला होता, तोंड गटारात, पाय ताठ. मी त्याच्याशेजारी ओल्यात बसलो. शिवू नका हे वाण्याचे शब्द डोक्यात होते तरी मी दोन्ही हातांनी त्याचे डोके वळवले. डावा कान अखंड होता.

एक टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. "आपका था क्या, मास्टरजी?"

"नाही."

"फिर रोते क्यों हो?"

मी उठलो आणि पुढच्या बोळात शिरलो. तिथे एका घरातून मुलांचा परवचा ऐकू येत होता. संध्याकाळी दिव्यापुढे बसून पाढे म्हणायचे, हे तेव्हा घरोघरी चाले. मी त्या आवाजाच्या रोखाने चाललो, कारण बोळात उजेड तेवढाच होता. त्या घराच्या पायऱ्यांखाली माझा कुत्रा बसला होता.

तो सरळ ताठ बसला होता, दोन्ही कान उभे. ओट्यावर एक आजोबा, त्यांच्यापुढे दोन नातवंडे. मी हाक मारायला तोंड उघडले. तेवढ्यात मुले म्हणाली, "पाच नव्वे पंचेचाळीस, पाच दाहे पन्नास." आणि कुत्र्याने उजवा पंजा उचलून जमिनीवर आपटला.

मुले खिदळली. "आजोबा, दिला! परत दिला ठोका!"

मला वाटले माझे डोळे फिरले. मुलांनी सहाचा सुरू केला. 'सहा नव्वे चोपन्न'ला पंजा वर उचलला गेला, हवेत थांबला, आणि 'सहा दाहे साठ'ला खाली आला. त्याच क्षणी माझा हात शेजारच्या भिंतीवर धप्पकन आपटला. मी तो आपटला नव्हता. तो आपटला गेला.

आजोबांनी चष्म्यावरून पाहिले. "अहो, तुम्हीसुद्धा?"

मी पायरीवर बसलो. आजोबांनी पाणी मागवले. "तुमचा का हा? दिवा दिसला की येतो, पाढे संपले की उठून जातो. आम्ही आपले म्हणतो, मागल्या जन्मीचा पंतोजी असेल. पण तुम्ही इतके पांढरे का पडलात?"

असा ठोका जगात एकाच ओट्यावर पडत होता. त्या ओट्यावर हा कुत्रा बसलेला असणार, माझ्या नंतरच्या मुलांबरोबर, वर्षानुवर्षे. दिवे लागले की तो रोज तो ओटा शोधायला निघत होता, आणि मी त्याला कोंडून ठेवत होतो. पण मग तो पांजरपोळात कसा आला? गुरुजींना काही झाले असेल का? ती रात्र मी भिंतीला टेकून काढली. कुत्रा माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता.

सकाळ होताच पांजरपोळ गाठला. मुनीम मला पाहताच दोन्ही हात हलवू लागले. "परत घेणार नाही, बोललो होतो ना?"

"परत द्यायचा नाही. याला आणून कोणी सोडले, तेवढे सांगा."

ते विचारात पडले, मग त्यांचा चेहरा बदलला. "तो फाटक्या कानाचा? हां. म्हाताऱ्या गृहस्थांनी आणला होता. पांढरा फेटा, बगलेत छत्री. देवळ्याकडून मोटारीने आले. मोटारवाला कुत्रा टपावर ठेवा म्हणाला, तर हेही टपावर बसून आले! दुपारभर त्याच्याजवळ बसून राहिले. मला विचारतात, इथे संध्याकाळी कोणी पाढे म्हणतं का? मला वाटलं, डोकं फिरलेलं आहे. बायको गेली, नोकरी संपली; येवल्याला मुलीकडे जातोय म्हणाले. जावयाकडे पैठणीचे माग. घरभर रेशीम. कुत्र्याचा एक केस लागला तरी पदर वाया. तिथे चालत नाही."

मी विचारले, "नाशकात त्यांचे कोणी नव्हते का?"

"तेच मी बोललो. म्हणाले, आहे, एक मुलगा आहे माझा, मास्तर आहे. हायस्कुलाचा रस्तासुद्धा विचारला. आमच्या या फाटकापर्यंत गेले. परत आले. म्हणाले, नको, त्याचं आत्ता कुठं बस्तान बसतंय, त्याच्या दारात हे ओझं कशाला."

मुनीम आणखी काही बोलत होते. मी फाटकाकडे पाहत होतो. त्या फाटकापासून माझे हायस्कूल हाकेच्या अंतरावर नसले, तरी म्हाताऱ्या माणसाला चालत जाता येईल एवढेच होते. ते आले त्या दुपारी मी वर्गात असणार. ज्यांनी बांधावर येऊन मला मागून नेले, ते माझ्या गावात येऊन मला न भेटता परत गेले, आणि जाताना मला 'माझा मुलगा' म्हणाले.

त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा मी दार सताड उघडे ठेवले. कुत्रा उभा राहिला, थरथरू लागला. मी कंदील जमिनीवर ठेवला, मांडी घालून बसलो आणि मोठ्याने सुरू केले, "बे एके बे." तो उंबऱ्यापर्यंत गेला होता. तिथून वळला. 'बे चोक आठ'पर्यंत येऊन कंदिलासमोर बसला होता. 'बे दाहे वीस'ला आम्ही दोघांनी ठोका दिला. माझे पुढचे पाढे नीट आले नाहीत, पण त्याने सगळे ठोके बरोबर दिले.

नंतर तो एकदाही पळाला नाही. दसऱ्याला मालक सोने द्यायला वर आले, तेव्हा दिवे लागायची वेळ होती. ते दारात उभे राहून तिसाच्या पाढ्यापर्यंत ऐकत राहिले. मग आपट्याची दोन पाने माझ्या हातावर ठेवली, दोन कुत्र्यापुढे ठेवली. "कुत्र्याची काही तक्रार नाही, मास्तर. तुम्हीच जरा हळू आपटा. खाली चुना पडतो."

मी त्यांना तिथेच एक गोष्ट विचारली. त्यांनी खाली जाऊन मालकीणबाईंना विचारले. त्यांचे उत्तर जिन्यातूनच आले, "अहो, कुत्रा चालला, मग गुरुजी का नाही चालणार?"

गुरुजींच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो. जावयाचे घर मला ठाऊक होते. त्याच रात्री पत्र लिहिले आणि सकाळी पेटीत टाकले. ते असे:

तीर्थरूप गुरुजींना, देवळ्याच्या ओट्यावरच्या तुमच्या मुलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे. कसा आला ते भेटीत सांगेन. तो खुशाल आहे, भाकरी खातो, आणि दाहेला ठोका देतो. मी इंग्रजीत शिकवू पाहिले. त्याने तुमच्यावाचून कोणाचे ऐकले नाही.

बाई गेल्याचे कळले. मला कोणी कळवले नाही, कारण आमच्या घरचे कळवणारे तुम्हीच होतात. मी येथे बसून पत्राची वाट पाहत होतो आणि तुम्ही हायस्कुलाचा रस्ता विचारून परत गेलात, हे ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. ओझे म्हणालात असेही समजले. गुरुजी, तुम्ही आमच्या बांधावर आलात तेव्हा मी काय होतो ते तुम्हाला आठवते ना?

माझी खोली दोघांना पुरेशी आहे. घरमालक व मालकीणबाई यांची परवानगी घेतली आहे. नदी जवळ आहे. गल्लीत परवचा म्हणणारी मुले पुष्कळ आहेत आणि त्यांना ठोका देता येत नाही. ताईला व जावईबापूंना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला मागतो आहे, रागावू नका म्हणावे. मनमाडला गाडी बदलावी. कोणत्या गाडीने निघता ते कळवा. आम्ही दोघे नाशिकरोडच्या स्टेशनावर असू.

त्याचे नाव मी ठेवलेले नाही. तुम्ही त्याला काय म्हणत होतात ते पत्रात लिहू नका. येऊन हाक मारा.